अडकित्त्यानं फोडलेली गोळी

“उपाशीपोटी? अहो मॅडम, आता तो कायमचाच उपाशी! मेला तो, मेला! परवा जाळून आलो आम्ही त्याला. तपासणीला काय डब्यात राख घेऊन येऊ?”

हा मी ओरडत होतो, रघ्या. तुझ्या ओटीवर, तुझ्याच फोनवर, भर सुतकात. फोन वाजला तेव्हा सगळी माणसं नुसती त्याच्याकडं बघत बसली होती. गेलेल्या माणसाचा फोन उचलायची कुणाला सवय नव्हती. मी उचलला. पलीकडं तुझ्या त्या पुण्याच्या हॉस्पिटलातल्या प्राजक्ता मॅडम. “रघुनाथकाका, परवा तपासणी आहे ना तुमची? उपाशीपोटी या बरं का, आणि गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या विसरू नका.” इतक्या गोड आवाजात, की माझं डोकंच फिरलं. मी असा ओरडलो, की तिकोना गडावरची माकडं दचकून पवनेच्या धरणात पडली.

आता तू असतास तर तोंडातली सुपारी ह्या गालातून त्या गालात सारून म्हणाला असतास, “बबन्या, निम्मं कर.”

बरं. निम्मी पडली.

मॅडम म्हणाल्या, “सॉरी काका. खरंच सॉरी.” आणि पुढं, “उरलेल्या गोळ्या फेकू नका. सवडीनं घेऊन या. आणि शेवटी शेवटी ते गोळी कशी घेत होते, तेवढं काकूंना विचारून ठेवाल का?”

मी फोन बंद करून सतरंजीवर फेकला. पण तुझा फोन कायम स्पीकरवर चालायचा, कारण कानाशी धरायचा भाग तू गुलाबाच्या बादलीत बुडवून कधीच मारला होतास. ‘गोळी कशी घेत होते’ हे आतल्या घरापर्यंत गेलं होतं. दारात सुमनवहिनी उभ्या होत्या. त्यांचा चेहरा उतरला आणि त्या आत वळल्या.

तुझा जन्म कधी, शिक्षण किती, मागं कोण कोण, हे मी लिहिणार नाही. ते कामशेतच्या चौकात फ्लेक्सवर लावलंय. त्यात तुझा फोटो बोराएवढा आणि दुःखात सहभागी झालेल्या पुढाऱ्यांचे भोपळ्याएवढे. त्यातल्या एकालाही तुझ्या आजाराचं नाव सांगता येणार नाही. मला येतं, कारण प्रत्येक खेपेला तुला पुण्याला नेणारी जीप माझी होती, आणि वाटेत तुझ्याशी भांडणारं तोंडही माझंच.

तू आंबीकडं गुलाबाच्या पॉलिहाऊसमध्ये ग्रेडिंगला, दांडीच्या लांबीनुसार फुलं वेगळी करायला. मी लोणावळ्यात पर्यटकांना पॉइंट दाखवणारा, म्हणजे थापा मारून पोट भरणारा. सुट्टीच्या दिवशी तू माझ्या शेजारच्या सीटवर येऊन बसायचास. मी मागच्या मुंबईकरांना सांगायचो, आमच्याकडं जुलैत धुकं इतकं दाट पडतं की विळीनं कापून टोपलीत भरावं लागतं. माझ्या लग्नात जेवणानंतर तेच वाढलं होतं. मागचे सगळे आ वासून ऐकत असायचे. आणि तू, तोंडावरची सुरकुती न हलवता, “टोपली न्हाई हो. वाटीभर हुतं. ह्यो वाढवून सांगतो.” मग तर त्यांना पक्कं खरं वाटायचं! माझ्या प्रत्येक थापेला तुझा तो निम्म्याचा शिक्का लागायचा, आणि निम्मी थाप पुऱ्या थापेपेक्षा जास्त खपायची. आता मी पर्यटकांना काय सांगू? परवा एकाला धुक्याचं सांगितलं, तर तो म्हणाला, “काका, काहीही.” त्याला मी जीपमधून उतरवून दिला. भर पावसात. खोटं नाही सांगत. बरं, पाऊस नव्हता.

दोन पावसाळ्यांमागं तुला बेडशाच्या लेण्याच्या पायऱ्यांवर पहिल्यांदा दम लागला. ज्या पायऱ्या आपण शेळ्यांच्या मागं पळत चढायचो, त्यातल्या मधल्या एका पायरीवर तू बसलास आणि म्हणालास, “ह्या पायऱ्या कोनी उंच केल्या का रं?” मी हसलो. आधी खोकल्याचं औषध झालं, मग कुणीतरी टीबीचं सुरू केलं, मग कुणीतरी ते बंद केलं, आणि शेवटी पुण्याच्या डॉक्टरांनी फिल्म उजेडाला धरून सांगितलं, फायब्रोसिस. फुफ्फुसं आतून वाळक्या चामड्यासारखी घट्ट होत चाललीयत. औषधं आहेत, ती आजार हळू करतात, परतवत नाहीत. मग म्हणाले, एका नव्या गोळीची चाचणी चाललीय. एकाच वेळी बऱ्याच देशांत. निम्म्या पेशंटांना खरी गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी पण बिनऔषधाची. कुणाला कुठली, हे पेशंटला माहीत नाही, डॉक्टरलाही नाही. जुनी औषधं चालूच राहतील. येता का?

तू म्हणालास, “येतो की.” जसं काही मी तुला वडापाव खायला बोलावलं होतं!

सोमाटणे फाट्यापर्यंत मी बोललो नाही. फाटा आला आणि मी सुटलो. तुला उंदीर करतायत. परदेशातल्या कंपन्यांना आपली माणसं स्वस्तात मिळतात. तिकडच्या लोकांना खरी गोळी, तुला खडू. तू मेलास तर ते काय तुझ्या तेराव्याला येणारेत का? मी स्टिअरिंगवर इतक्या थापा मारल्या, की हॉर्न आपोआप वाजत होता आणि पुढचे ट्रक आपोआप बाजूला होत होते.

तू सगळं ऐकून घेतलंस. मग दम खात, तुकड्यातुकड्यानं बोललास. “बबन्या, तू तापाची गोळी खातोस. खातोस का न्हाई? ती कोनीतरी पयल्यांदा खाल्लीच आसंल की. त्यो कोन हुता, कुटला हुता, इचारलं का कदी? फुकट त्येच्या जिवावर बरा झालास. मंग आता माजी पाळी.”

“पण परक्या देशांबरोबर कशाला? आपलं आपण करावं ना काय ते!”

“आपल्यात आसली मान्सं किती? मावळात मी, अन् आनखी एकदोन. सगळ्या देशांतली गोळा केली, तर कुटं एक गाव हुतंय. येका गावाबिगर कळंल कसं, गोळी चालती का न्हाई? अन् म्या न्हाई गेलो, तर ती गोळी निस्त्या गोऱ्यांच्या छातीवर तपासून यील. आपल्या छातीला मानवंल का न्हाई, कोन सांगनार? तू?”

ह्यावर मी अजून जोरात ओरडलो. ते भांडण आपलं मिटलंच नाही. मी अजून त्याच जागी आहे, रघ्या, त्या सोमाटणे फाट्यावर, आणि तू माझं न ऐकता पुढं निघून गेलायस.

आणि ते गाव! त्या गावाचा तू सरपंचच झालास. हॉस्पिटलात भिंतीवर त्या चाचणीतल्या देशांची नावं लावलेली होती, ती तू पाठ करून आलास आणि प्रत्येक देशात एकेक पाव्हणा ठेवून दिलास. पोलंडचा पाव्हणा, ब्राझीलची मावशी, जपानचे आबा. थंडी पडली की म्हणायचास, “पोलंडचा पाव्हना आज खोकून बेजार आसंल.” मी तर कामशेतच्या पारावर सांगून टाकलं की पोलंडच्या पाव्हण्यानं रघूला एक गाय पाठवलीय, विमानानं, आणि धारेला तिच्याशी पोलिश बोलल्याशिवाय ती पान्हा सोडत नाही. दोघं जण बघायला आले होते गोठ्यात. तू त्यांना म्हणालास, “गाय न्हाई. कालवड हाय. चरायला गेलीया.”

प्रत्येक खेपेला तुझं रक्त काढायचे आणि बर्फाच्या पेटीत घालून परदेशात तपासायला धाडायचे. सगळ्या देशांचं रक्त एकाच प्रयोगशाळेत, एकाच मापानं मोजायला. तू आयुष्यात विमानात बसला नाहीस. तुझे गुलाब दर फेब्रुवारीत परदेशी जायचे, त्यांच्या मागनं तुझं रक्त जायला लागलं. ते तुला फार आवडायचं. “म्या हितंच, पन माजा माल एक्सपोर्टला,” असं सगळ्यांना सांगायचास. आणि मी दात खायचो.

पण खरं सांगू? तुझी बडदास्त तिथं नीट राहिली, हे मला कबूल करावंच लागतंय आणि त्याचाच राग येतोय. ज्या फिल्मसाठी आधी आपण महिनाभर ताटकळलो, ती तिथं चहा गार व्हायच्या आत निघायची. प्राजक्ता मॅडम फोन करून विचारायच्या, काका, जेवलात का, पाय सुजले का. तुझ्या सख्ख्या पुतण्यांनी कधी विचारलं नव्हतं. एवढी देखभाल मिळायला माणसानं आधी उंदीर व्हावं लागतं, ही कुठली रीत?

मग ते प्रश्न. प्रत्येक खेपेला मॅडम एक फॉर्म भरून घ्यायच्या. तू पुढं बसलेला, मी मागं. त्यांनी विचारलं, “घराबाहेरचा बर्फ फावड्यानं बाजूला करताना किती दम लागतो? अजिबात नाही, थोडा, की खूप?”

मी उडालोच. “बर्फ? अहो, आमच्याकडं बर्फ फक्त गोळेवाल्याच्या गाडीवर असतो! कुणी लिहिलं हे? त्याला आणा बेडशाला, जूनमध्ये, चिखलणीला उभा करतो!”

“सगळ्या देशांना एकच फॉर्म असतो, काका,” मॅडम म्हणाल्या. रागानं नाही, समजावून नाही. पाऊस पडतोय म्हणावं, तसं.

तू मात्र मन लावून विचार केलास. “बर्फाचं म्हाईत न्हाई. चिखलनीला लय लागतो, तसं ल्हिवा. अन् मॅडम, त्या पोलंडवाल्याला बी इचारा, भात लावताना दम लागतो का त्येला. नायतर त्येचं वज्जं आमच्यावर, पन आमचं त्येच्यावर न्हाई.”

मॅडम पहिल्यांदा हसल्या त्या दिवशी. मी नाही हसलो. मला दिसत होतं ना, दूर कुठंतरी गरम खोलीत बसून कुणीतरी ठरवलं होतं की माणूस म्हणजे अमुक उंच, अमुक जाड, दारात बर्फ. आणि त्या मापात बसला तर बसला.

चिंधू नाही बसला.

चिंधू म्हणजे डोंगरावरच्या वाडीतला, तुझ्याबरोबर पॉलिहाऊसमध्ये फवारणीला असणारा. त्यालाही तोच आजार निघाला. तू त्याला स्वतः घेऊन गेलास, माझ्याच जीपमध्ये, त्याला नवा शर्ट घालून. सगळं जुळलं, आजार जुळला, वय जुळलं, आणि वजनकाट्यावर उभा केला तर वजन कमी. चिंधूचं वजन तुला माहितीये. वारा सुटला की तो खिशात दगड भरून चालतो. एकाच खिशात, बरं. मॅडमनी सांगितलं, इतक्या वजनाखालच्या माणसाला ही गोळी देता येत नाही, धोका असू शकतो, तसा नियम आहे. चिंधू “बरं” म्हणाला आणि बाहेर जाऊन चपला घालून उभा राहिला.

परत येताना देहूरोड गेलं, तळेगाव गेलं, वडगाव गेलं. मग म्हणालास, “आखूड दांडीचं फूल आपन एक्सपोर्टला न्हाई घालत. पन लोकल बाजाराला तर धाडतो ना? फेकत तर न्हाई?” आणि मागं वळून चिंधूला म्हणालास, “तुज्यासाठी लोकलला बी काय ठिवलं न्हाई रं त्यांनी.”

मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं. तुझ्या घरात सुपारी एकट्यानं खायची नाही, ही तुझ्या आईपासूनची शिस्त. अडकित्ता उघडला, की समोर जो बसला असेल त्याच्या हातावर आधी फोड पडणार. मग तो सोयरा असो, नाहीतर वीज तोडायला आलेला माणूस असो. मी तुझ्या ओटीवर आयुष्यभर सुपारी खाल्ली. त्या अडकित्त्याचा कट्ट आवाज आला की माझा हात आपोआप पुढं यायचा.

फोन आला त्याच्या दुसऱ्या दिवशी चिंधू वाडीवरून उतरला. तुझी खाट जिथं असायची तिथं ओटीच्या कडेला टेकला. बराच वेळ खोकला. मग उपरण्याचं टोक सोडलं आणि तीन-चार पांढरे तुकडे माझ्यासमोर ठेवले.

“ह्ये काय?”

“गोळ्या. त्येच्या हायेत. परत घ्या.”

“कुणाच्या?”

“रघूच्या. निम्मी तो खायचा, निम्मी म्या. ह्या ऱ्हायल्या.”

रघ्या, माझ्या कानात शिट्टी वाजली. मी उठलो, आणि पुढं मी जे बोललो ते इथं लिहिता येणार नाही, निम्मं करूनही नाही. तू त्याचा दम खाल्लास, म्हणालो. तो मरत होता आणि तू समोर बसून त्याचा निम्मा श्वास चघळत होतास, म्हणालो. आणि तुला काही झालं असतं तर, येड्या? ज्याला वजन पाहून नको म्हणाले, त्यानं चोरून खाल्ली, कुणी तुझं रक्त बघायला नाही, पाय सुजले का विचारायला नाही!

चिंधू खाली बघत होता. “म्या न्हाईच म्हनलो हुतो. त्यो म्हनला, फवारा दोघांच्या बी छातीत गेला, काम येकाच ठिकानी केलं, मंग गोळी एकाला का? म्या हातात घ्येतली न्हाई तर त्यो बी खायचा न्हाई. तशीच धरून बसायचा.”

“त्याला नका बोलू, भाऊजी.” वहिनी दारात. हातात अडकित्ता. तो त्यांनी माझ्यासमोर त्या तुकड्यांशेजारी ठेवला. “म्या फोडत हुते. रोज सकाळी. त्येंच्या हाताला जोर न्हवता ना.”

आता सांग, रघ्या, मी कुणावर ओरडू? चिंधूवर? वहिनींवर? तुझ्यावर ओरडतोय, तर तू भिंतीवर हार घालून बसलायस! मला सुपारी आणि त्याला गोळी. बायकोला अडकित्ता धरायला लावलास, आणि मला एक शब्द नाही. का, तर बबन्या गावभर करेल. अरे, केलंच असतं! ओरडून ओरडून केलं असतं, आणि तू पुरी गोळी खाल्ली असतीस, आणि कदाचित आज या ओटीवर बसून मला निम्मं कर म्हणाला असतास.

कदाचित. ह्या एका शब्दानं वहिनींचं जेवण बंद केलं. पुरी गोळी खाल्ली असती तर राहिले असते का? की ती गोळी मुळात खडूचीच होती, आणि फोडली काय, न फोडली काय, सारखंच? ह्याचं उत्तर जगात कुठंतरी आहे. लिहून ठेवलेलं आहे. आणि ज्या बाईच्या हातात अडकित्ता होता तिला ते मिळत नाही. ह्याहून चीड आणणारी गोष्ट मी तरी ऐकली नाही, आणि मी धंद्यानं गोष्टी सांगणारा माणूस आहे.

माझं मत होतं, सांगायचंच नाही. उरलेल्या गोळ्या टेबलावर ठेवायच्या, पुरी घेत होता म्हणायचं आणि यायचं. नाहीतर काय होईल? तुझी सगळी मेहनत बाद. उपाशीपोटी केलेल्या त्या खेपा, ते विमानानं गेलेलं रक्त, तो ‘आपल्या छातीला मानवंल का न्हाई’चा हट्ट, सगळं कचऱ्यात. वर म्हणतील, मावळातली माणसं अडाणी, औषध सुपारीसारखं फोडून खातात. तुझं नाव मी कशाला खराब करू?

वहिनी तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “भाऊजी, ह्यांनी ग्रेडिंगला कदी आखूड दांडी लांबीत घातली का?”

“नाही.”

“मालक सोता उबा ऱ्हायचा, घाल म्हनायचा, गाडी भरत न्हाई म्हनायचा. तरी?”

“तरी नाही.”

“मंग आता म्या कशी घालू?” त्यांनी एक खडा काढून फेकला. “आपन पुरी म्हनलो, तर त्यांना वाटंल, पुरी खाऊन बी मान्सू गेला. गोळीत दम न्हाई. त्या ब्राझीलच्या मावशीला मंग कोन दील ती गोळी?”

त्या मावशीला त्या खरी समजत होत्या, रघ्या. तू आणि मी मिळून जी माणसं थापेतून उभी केली, त्यांच्यासाठी ही बाई स्वतःच्या अंगावर घ्यायला निघाली होती. मी म्हणालो, “तेरावं झालं की जीप काढतो.”

तेरावं झालं आणि आम्ही निघालो. बाईमाणूस इतक्यात बाहेर निघाली म्हणून तुझी चुलती बोललीच. मी तिला जे उत्तर दिलं त्यानं ती अजून माझ्याशी बोलत नाही. तेवढं एक चांगलं झालं. वहिनी तुझ्या सीटवर बसल्या. मांडीवर गोळ्यांचा डबा, आणि रुमालात बांधलेले ते तुकडे. सोमाटणे फाटा आला. मी गाडी हळू केली. का, ते मला माहीत नाही.

प्राजक्ता मॅडम उठून उभ्या राहिल्या, वहिनींना बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं. वहिनींनी रुमाल सोडला आणि सांगितलं. कुठं रडल्या नाहीत, कुठं थांबल्या नाहीत. कोण, कुणाला, कशानं फोडून. मग विचारलं, “त्येंची गोळी खरी हुती का वो?”

“मला माहीत नाही, काकू. डॉक्टरांनाही नाही. सगळ्या देशांतलं काम संपल्यावरच ते उघडतात.”

“कवा?”

“अजून काही देशांत माणसं घेणं चालू आहे. तारीख नाही सांगता येत.”

“निम्मीनं गेले का ते?”

“तेही नाही सांगता येत, काकू.”

तिथं माझा बांध फुटला. मी उभा राहिलो. मी म्हणालो, तुमच्या त्या देशांना सांगा, इथं एक माणूस होता. त्याच्या दारात बर्फ नव्हता, पण पान-सुपारी होती, आणि समोर मित्र उपाशी असताना त्याला घास गिळता येत नव्हता. तुमच्या नियमात ह्याची सोय आहे का? तुम्ही त्याची उंची मोजली, वजन मोजलं, फुंकर मोजली, रक्त बाटलीत भरून जगभर फिरवलं. हे मोजायला तुमच्याकडं काही आहे का? लिहा! तुमच्या कागदावर लिहा की तो अडाणी नव्हता! मी इतका ओरडलो की त्या मजल्यावरचे सगळे पेशंट उठून बसले. निम्मे, रघ्या. निम्मे तरी बसले. तू नव्हतास म्हणून मीच निम्मं केलं.

मॅडमनी मला थांबवलं नाही. माझं संपल्यावर त्यांनी दोन गोष्टी केल्या. आधी एका चिठ्ठीवर वार लिहून वहिनींना दिला आणि म्हणाल्या, चिंधूकाकांना ह्या दिवशी घेऊन या, चाचणीत नाही घेता येणार, पण डॉक्टर तपासतील. मग फायलीतून एक कागद ओढला, मधल्या एका ओळीपर्यंत पेन नेलं, तिथल्या चौकोनात बरोबरची खूण केली आणि पुढच्या ओळीवर गेल्या. ना भुवई वर, ना एक सुस्कारा. जणू मी बसचं तिकीट मागितलं होतं.

“बास? एवढंच?” मी म्हणालो. “हे ऐकून तुम्हाला काहीच वाटलं नाही?”

त्यांनी कागद आमच्याकडं फिरवला. चौकोनांची रांग होती. गोळी घ्यायला विसरले. गोळी हरवली. गोळी उलटून पडली. आणि त्याखाली, तितक्याच बारीक, तितक्याच सरळ छापील अक्षरात: औषध दुसऱ्या व्यक्तीला दिले.

वहिनींनी त्या ओळीवर बोट ठेवलं. अक्षर अक्षर लावून वाचली. परत पहिल्यापासून वाचली.

“ह्ये आमच्यामुळं छापलंय व्हय?”

“नाही,” मॅडम म्हणाल्या. “सगळ्या देशांना एकच फॉर्म असतो.”